करला, केला, गेगेसेन

घरी आम्ही मावची बोलतो. गाव चिंचपाडा, तालुका नवापूर. मराठी मला शाळेत भेटली. दुसरीत असताना मी उभं राहून 'मी अभ्यास करला' म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. धरणेचं धरला, भरणेचं भरला, मग करणेचं करला का नाही? कारण कुणी सांगितलं नाही. 'केला' पाच वेळा लिहायला लावलं.

वीस वर्षांनी पुण्यात, ऑफिस सुटल्यावरच्या जर्मनच्या क्लासमध्ये मी पुन्हा तेच केलं. भूतकाळाचा नियम सोपा वाटतो: पुढे 'गे', मागे 'ट'. माखेन म्हणजे करणे, त्याचं गेमाख्ट. म्हणून एसेन, म्हणजे खाणे, याचं मी 'गेएस्ट' केलं. बरोबर रूप निघालं 'गेगेसेन'. इथे कुणी हसलं नाही, पण कान तापले.

दोन 'गे' कशाला? रात्री शोधत बसलो. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'गे' आणि 'एसेन' एकमेकांत मिसळून 'गेसेन' झालं होतं. पुढे त्यातला 'गे' लोकांना दिसेनासा झाला, म्हणून त्यांनी आणखी एक चिकटवला. जुन्या कोडला हात न लावता वरून पॅच मारतात, अगदी तसं.

मराठीतही हेच झालंय. संस्कृत 'गत' म्हणजेच गेलेला. प्राकृतात तो शब्द झिजला, त्याला 'इल्ल' हा प्रत्यय लागला आणि 'गेला' तयार झाला, म्हणजे भूतकाळावर भूतकाळ. कृतचं केला, मृतचं मेला. 'केला' हा 'कर'ला 'ला' लावून बनलेलाच नाही, तो थेट 'कृत'कडून आला. माझा 'करला' नियमाने बरोबर होता, फक्त उशिरा आला होता.

आणि हा 'ल' किती जुना! इ.स. ७७९ मध्ये जालोरला उद्योतनसूरींनी 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात बाजारात देशोदेशीचे व्यापारी भेटतात आणि प्रत्येकाची बोली एखाद-दोन शब्दांत टिपलेली आहे. मरहट्ट्यांच्या तोंडी जे दोन शब्द आहेत त्यांचा अर्थ दिले, घेतले. दोन्ही भूतकाळी, दोन्हीत 'ल'. परक्या कानाला आपली ओळख तेव्हाही याच रूपांवरून पटत होती.

फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांची तुलना ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन क्रियापदांशी केली. त्या वाटेने गेलं की जर्मनचे 'ट' आणि 'एन' म्हणजे संस्कृतचे 'त' आणि 'न' हे कळतं: कृतमधला त, भिन्नमधला न. भिद् (फोडणे) आणि बाइसेन (चावणे) एकाच धातूचे. त्यामुळे भिन्न आणि गेबिसेन ही चक्क भावंडं. हे कळल्यावर माझी निम्मी घोकंपट्टी वाचली.

उरलेली निम्मी वाचत नाही. २००७ मध्ये काही संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं मोजली. आज त्यांतली ९८च अनियमित उरलीत. रोज तोंडात असणारी टिकतात, बाकीची नियमाला शरण जातात. जर्मनमध्येही बेलेन, म्हणजे भुंकणे, पूर्वी अनियमित होतं, आता सरळ 'गेबेल्ट' झालंय. भुंकण्याबद्दल माणसं जेवणाइतकं बोलत नाहीत, त्याला काय करणार!

दिवाळीला गावी गेलो तेव्हा पहिलीतली भाची धावत आली. ''मामा, मी होमवर्क करला!''

''वही आण,'' म्हटलं, ''बघू.''