औषधाचे वावडे आणि ग्रामीण आरोग्यसेवक : पेनिसिलिनपासूनचा एक अध्याय

औषधाचे वावडे हा विषय वैद्यकाचा खरा. परंतु त्याची जाणीव कोणास, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात झाली, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो. रोगांचा इतिहास लिहिला जातो, औषधांच्या शोधाचा तर विशेष उत्साहाने लिहिला जातो; सुई टोचणाऱ्या हाताला काय ठाऊक होते, याची नोंद मात्र क्वचितच होते. महाराष्ट्रापुरते पाहिले असता, लहान मुलांना होणाऱ्या औषधबाधेची जाणीव आरोग्यसेवकांत पसरली ती ज्ञानाच्या रूपाने कमी आणि भयाच्या रूपाने अधिक, असे म्हणावयास हरकत नाही. हे भय निराधार नव्हते. परंतु भयाच्या पाठोपाठ एखादा विधी रूढ होतो, आणि विधी यथासांग पार पडला की चौकशीची गरज उरली नाही असे वाटू लागते. प्रस्तुत निबंधाचा रोख त्या विधीकडे आहे.

या ज्ञानशाखेचा आरंभच मुळी लहान मुलांच्या खाटांशी झाला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली लस टोचण्याची प्रथा युरोपात पडली आणि असंख्य बालके वाचली. १८९६ मध्ये बर्लिन येथे लांगरहान्स नावाच्या प्राध्यापकाचे तान्हे मूल ही लस प्रतिबंधासाठी टोचल्यानंतर काही मिनिटांतच दगावले. मृत्यूचे नेमके कारण कोणते यावर त्याच वेळी वाद माजला. पण जे औषध तारते तेच मारते की काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. १९०२ मध्ये पोर्तिये व रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून तीव्र आघाताची प्रतिक्रिया दाखवून दिली. १९०५ मध्ये व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक या दोन बालरोगतज्ज्ञांनी, घोड्याचे सीरम दिलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप, पुरळ व सांध्यांची सूज का येते, याचे सविस्तर विवेचन केले. आणि पुढच्याच वर्षी पिर्के याने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. त्याच्या विवेचनाचे सार असे की, बाहेरून आलेल्या द्रव्याची पहिली भेट शरीर लक्षात ठेवते आणि दुसऱ्या भेटीस निराळ्या रीतीने सामोरे जाते. तेव्हा ‘हे औषध यापूर्वी दिले होते काय, आणि दिले तेव्हा काय झाले?’ हा प्रश्न या विषयात सर्वांत आधी येतो. प्रौढ मनुष्य त्याचे उत्तर स्वतः देऊ शकतो. मुलाच्या बाबतीत शरीराची आठवण मुलाजवळ आणि सांगण्याची जबाबदारी आईजवळ, अशी विभागणी झालेली असते.

मुंबई इलाख्यात सुईची ओळख प्लेगने करून दिली. १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १८९९ मध्ये परळ येथे प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ साली लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला, तेव्हापासून सुईविषयीचा संशय या देशात घर करून राहिला. परंतु तो दूषित बाटलीविषयीचा संशय होता. निर्दोष औषधही एखाद्याच शरीराला मानवत नाही, ही कल्पना निराळी आहे, आणि ती सामान्य आरोग्यसेवकापर्यंत पोहोचावयास पेनिसिलिनचे युग उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन भारतात आले ते परदेशी बाटल्यांतून, महाग आणि दुर्मिळ. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफचे आणि तांत्रिक मार्गदर्शनासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि १९५५ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला. नव्या राष्ट्राच्या स्वावलंबनाचे प्रतीक म्हणून या कारखान्याकडे पाहिले गेले, आणि ते योग्यच होते. न्यूमोनियाने, पुवाळलेल्या जखमांनी व घशाच्या रोगांनी मुले हातची जात होती. त्या काळच्या आईबापांच्या तोंडी पेनिसिलिनचे नाव देवाच्या नावासारखे यावे, यात नवल नाही. याच सुमारास, १९५२ पासून, समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली होती. औषध आणि ते पोहोचविणारी व्यवस्था अशी दोन्ही एका दशकात खेड्याच्या वेशीपर्यंत आली. केंद्रात डॉक्टर एक, तोही पुष्कळदा दौऱ्यावर. प्रत्यक्ष सुई परिचारिकेच्या किंवा कंपाउंडरच्या हाती असे. खाजगी दवाखान्यात तर कंपाउंडर हाच अर्धा डॉक्टर समजला जाई.

पेनिसिलिनमुळे आघात होऊन मृत्यू आल्याचे वृत्त अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९४९ मध्येच प्रसिद्ध झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९६८ मध्ये अशा १५१ मृत्यूंचा अभ्यास छापला गेला. त्यात मृत्यूचे प्रमाण दर लाख रुग्णांमागे दीड ते दोन असे अंदाजिले होते. आकडा लहान आहे. पण खेड्यातील दवाखान्यात आकडा दिसत नाही. सुई टोचल्यावर पाच मिनिटांत निळे पडलेले एक मूल दिसते आणि दाराशी जमलेला गाव दिसतो. अशी एक घटना दहा गावांत ऐकू जाते. या वातावरणात ‘टेस्ट डोस’ रूढ झाला. औषध विरल करून त्याचा एक थेंब मनगटाच्या वर कातडीत टोचावयाचा, पंधरा-वीस मिनिटे थांबावयाचे, गांध उठली तर औषध देऊ नये आणि न उठली तर निर्धास्तपणे द्यावे, असा हा परिपाठ होता.

या चाचणीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. योग्य द्रावणे वापरून, जाणत्या हाताने केलेली त्वचाचाचणी तात्काळ स्वरूपाच्या वावड्याचा चांगला सुगावा देते. परंतु पेनिसिलिन शरीरात गेल्यावर त्याची जी रूपांतरे होतात, त्यांपैकी काहींविरुद्धच बहुतेकांचे वावडे असते, हे १९६० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. आणि ती रूपांतरे असलेली द्रावणे खेड्यातील कपाटात कधीच आली नाहीत. शिवाय दिवसांनी उमटणारे पुरळ किंवा कातडी सोलून निघण्यासारखी भयंकर बाधा या थेंबाने आधी कळत नाही. ज्याचे वावडे तीव्र आहे त्याला तो थेंबही घातक ठरू शकतो. तरीही ‘टेस्ट घेतली होती’ हे वाक्य जवळ असले की आरोग्यसेवकाला सुरक्षित वाटे, आणि पुढे पेनिसिलिनशी संबंध नसलेल्या औषधांनाही हाच परिपाठ लावला गेला. सर्पदंशावरील प्रतिविषाचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. तेही घोड्याच्याच रक्तापासून होते, तेव्हा त्यालाही आधी थेंबभर टोचून पाहण्याची रीत होती. अशा चाचणीने पुढील प्रतिक्रिया ओळखता येत नाही, उलट मोलाचा वेळ जातो, हे ध्यानात आल्यावर २००९ च्या राष्ट्रीय सर्पदंश-उपचार नियमावलीने ती करू नये असे स्पष्ट सांगितले. तरी हात सहजासहजी सवय सोडत नाही.

चाचणीने जागा घेतली ती प्रश्नाची. आणि येथे भाषेचा मुद्दा येतो, ज्याकडे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनी पाहिलेले दिसत नाही. मराठी आईला ‘औषधाची ॲलर्जी आहे का?’ असे विचारले तर ती बहुधा ‘नाही’ म्हणते. ते उत्तर खोटे नसते. प्रश्न तिच्या भाषेतला नसतो. अंगावर गांधी उठणे याला घरोघर ‘पित्त उठणे’ म्हणतात, आणि आयुर्वेदातील ‘शीतपित्त’ ही संज्ञा त्याच कल्पनेची आहे. त्यामुळे दोष पित्ताकडे जातो, औषधाकडे जात नाही. कोकमाचे आगळ लावले की प्रकरण मिटते. ओठ-डोळे सुजले तर ‘औषध उष्ण पडले’ असे म्हणतात. ‘सोसले नाही’, ‘मानवले नाही’ हे शब्दप्रयोग उलटीपासून मूर्च्छेपर्यंत सर्वांना पुरतात. उलटपक्षी, ज्याला वैद्य वावडे मानणार नाही असे साधे पोट बिघडणेही ‘ॲलर्जी’ या नव्या शब्दाखाली सांगितले जाते. म्हणजे खरी खूण निसटते आणि खोटी नोंदली जाते. ‘कोणते औषध दिल्यावर अंगावर पित्त उठले होते का, तोंड सुजले होते का, किती वेळाने?’ असे विचारणारी परिचारिका दहा मिनिटांत जे काढून घेते, ते थेंबाच्या चाचणीने मिळत नाही.

नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत हे गाव या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास सोयीचे आहे. निफाड तालुक्यातील, मुंबई-आग्रा रस्त्यावरील ही कांदा, टोमॅटो व द्राक्षांची मोठी बाजारपेठ. गावात ग्रामीण रुग्णालय आहे आणि नाशिक जवळ आहे. तेव्हा दुर्गमतेची सबब येथे चालत नाही. या गावाची अडचण वर्दळीची आहे. द्राक्षांची एप्रिलातील खरड छाटणी, ऑक्टोबरातील गोडी छाटणी आणि पुढची तोडणी या कामांना पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजूर कुटुंबे येतात, बागेच्या कडेला राहतात आणि काम संपले की परततात. मुले बरोबर असतात. मूल तापले तर कधी सरकारी रुग्णालय, कधी रस्त्यावरील दवाखाना, तर कधी नुसते औषधांचे दुकान गाठले जाते. दुकानातून मिळालेल्या चार गोळ्या पट्टीतून कापून दिलेल्या असतात आणि नाव छापलेला तुकडा दुकानातच राहतो. पुढच्या वेळी आईला आठवतो तो रंग : ‘लाल-पिवळी गोळी’. कोकणा किंवा वारली बोली बोलणाऱ्या आईचे सांगणे आणि निफाडकडच्या परिचारिकेचे ऐकणे यांतही अंतर पडते. अशा ठिकाणी आरोग्यसेवकाची जाणीव कितीही तल्लख असो, तिला धरावयास कागद नसतो.

भयाचा दुसरा परिणाम याहून कमी दिसणारा, पण अधिक मुलांना भोवणारा आहे. विषाणूजन्य तापात मुलांच्या अंगावर पुरळ उठतेच; त्याच वेळी ॲमॉक्सिसिलिन चालू असले तर दोष औषधाला लागतो आणि ‘पेनिसिलिनचे वावडे’ हा शिक्का मुलाला जन्माचा चिकटतो. कॅनडातील माँट्रिऑल येथे असा संशय असलेल्या ८१८ मुलांना देखरेखीखाली हेच औषध पुन्हा देऊन पाहिले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९४.१ टक्के मुलांना काहीही झाले नाही. तात्काळ प्रतिक्रिया १७ जणांनाच आली आणि तीही सौम्य. शिक्का बसलेल्या मुलाला मग अधिक महाग आणि पुष्कळदा कमी योग्य औषध दिले जाते.

संधिवाती तापाच्या बाबतीत ही किंमत फार मोठी होते. घशाच्या दुखण्यातून उद्भवणारा हा रोग पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना गाठतो आणि हृदयाच्या झडपा निकामी करतो. पुन्हा झटका येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे द्यावी लागते. भारतात अनेक डॉक्टर व परिचारिका ही सुई देण्यास कचरतात, कारण काही झाले तर जबाबदार कोण? १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ११ देशांतील १७९० रुग्णांचा वृत्तान्त आला. ३२,४३० सुया टोचल्या गेल्या. ५७ जणांना वावड्याची काही ना काही प्रतिक्रिया आली, तीव्र आघात चौघांना झाला आणि एक रुग्ण दगावला. तो एक मृत्यू क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. परंतु सुई न मिळाल्याने ज्या मुलांच्या झडपा गेल्या, त्यांचा मृत्यू कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच रुग्णालयात होतो आणि तो कोणाच्याही भीतीच्या खाती जमा होत नाही.

मग अल्पशिक्षित आरोग्यसेवकाच्या हाती मुलांची सुई द्यावी की नाही? महाराष्ट्रातच या प्रश्नाची परीक्षा झालेली आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांना घरीच जेंटामायसिनची सुई देण्याचे काम सोपविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट नोंदली गेली. औषध निराळे, वयही निराळे, हे मान्य केले पाहिजे. पेनिसिलिनच्या वावड्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यातून इतके कळते की लक्षणे पाहणे, मात्रा मोजणे आणि लिहून ठेवणे या गोष्टी पदवीवाचूनही शिकविता येतात. तीव्र आघातावर पहिले औषध ॲड्रेनॅलिन. वजनाच्या प्रमाणात मोजून ते मांडीच्या स्नायूत, विलंब न करता द्यावयाचे. लसीकरणाच्या प्रसंगी परिचारिकेने त्याची एक मात्रा देऊन मगच मुलाला पुढे पाठवावे, अशी मुभा केंद्रीय आरोग्य खात्याने दिली, ही या संपूर्ण अध्यायातील अत्यंत महत्त्वाची घटना म्हणावी लागेल. कारण तिने परिचारिकेच्या भयाला प्रथमच काही करावयास दिले. टेस्ट डोसच्या थेंबाची तयारी असलेल्या ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिनची कुपी, आणि तीही मुदत न उलटलेली, आहे की नाही, हे पाहण्याची शिस्त मात्र अजून सर्वत्र सारखी नाही.

नोंदीचा प्रश्न राहतोच. २०१० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टरच नव्हे, तर परिचारिका आणि औषधविक्रेताही त्याचा तक्ता भरून पाठवू शकतो. त्या तक्त्यातून देशाला औषधाविषयी माहिती मिळते. मुलाच्या पुढच्या सुईसाठी उपयोगी पडतो तो केसपेपर : त्याच्या माथ्यावर लाल शाईने लिहिलेले औषधाचे नाव, काय झाले, किती वेळाने झाले आणि कोणत्या साली. पिंपळगावच्या बाजारात हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवलेला असतो. द्राक्षांची तोडणी आटोपली की पिशवी पेठ-सुरगाण्याकडे परत जाते, आणि पुढल्या हंगामात मूल पुन्हा येते तेव्हा ती बरोबर असतेच असे नाही.