बांधकामातील माहितीची मांडणी : प्रस्तावना

एक साधी खिडकी घ्या, १.२ मीटर रुंद आणि तेवढीच उंच. वास्तुविशारदाच्या ड्रॉइंगमध्ये तिचे नाव ‘डब्ल्यू-१’. सिलची उंची तिथे लिहिलेली असते आणि पल्ला कुठे उघडतो तेही दाखवलेले असते. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये खिडकी दिसतच नाही, दिसते तिच्यावरचे लिंटेल. दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर टेकण धरले तर ते दीड मीटर लांब. फिटरच्या हातातल्या बार बेंडिंग शेड्यूलमध्ये हीच खिडकी चार सळया आणि काही रिंगा होऊन येते. मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याला ती वजाबाकीत भेटते. आयएस १२०० नुसार वीटकामात ०.१ चौरस मीटरपेक्षा मोठे ओपनिंग वजा करायचे, म्हणून तिचे १.४४ चौरस मीटर पूर्ण वजा होतात. प्लास्टरचा हिशेब निराळा. अर्ध्या ते तीन चौरस मीटरपर्यंतचे ओपनिंग एकाच बाजूने वजा करतात आणि कडांचे प्लास्टर त्यातच धरून घेतात. खरेदी विभागाला तिच्यातले ॲल्युमिनियमचे सेक्शन आणि काच तेवढी हवी असते. इलेक्ट्रिशियनला कंड्यूट वळवून न्यायला लावणारी जागा म्हणून ती ठाऊक असते.

सहा माणसे, सहा कागद आणि खिडकी एकच. गुरुवारी वास्तुविशारदाने ती फूटभर सरकवली तर बाकीच्या पाच जणांना कधी कळते, कोणाकडून कळते, आणि कळल्याची नोंद कुठे राहते? या प्रश्नांची उत्तरे जो शोधू लागला, तो या विषयाच्या दारात आलाच. माझे म्हणणे एवढेच आहे की ही शिस्त काम संपल्यावर फायली लावण्यापुरती ठेवून चालत नाही. खोदाईआधी लाइन आउट होते, तशी माहितीची आखणी पहिल्या निविदेच्या आधी व्हायला हवी. आणि ती आखताना परांचीवर उभा राहून कागद वाचणारा माणूस डोळ्यांसमोर असायला हवा.

आपल्याकडे या शिस्तीचा एक भक्कम वारसा आहे आणि त्याकडे नव्या पिढीने आदराने पाहावे असे मला मनापासून वाटते. सार्वजनिक बांधकाम खात्यातले मोजमाप पुस्तक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एमबी’, नुसती वही नसते. तिला स्वतःचा क्रमांक असतो, पाने आधीच क्रमांकित असतात, पान फाडता येत नाही, खोडरबर चालत नाही. चूक झाली तर आकडा वाचता येईल असा छेदायचा, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. वरिष्ठ त्यातली काही मोजमापे साइटवर जाऊन पुन्हा तपासतो. नोंद कोणाची, केव्हाची, बदलली कोणी, या तीन प्रश्नांची उत्तरे ते पुस्तक संगणकाच्या कितीतरी आधीपासून देत आले आहे. आजच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट ट्रेल’ म्हणून जे विकले जाते, त्याचा गाभा याहून वेगळा नाही.

वर्गीकरण हा या क्षेत्रातला सर्वांत चुरशीचा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत स्वीडनमध्ये ‘एसएफबी’ ही पद्धत आकाराला आली आणि पुढे ब्रिटनमध्ये ती ‘सीआय-एसएफबी’ या रूपात रुजली. तिच्यात बाहेरच्या भिंतीला २१ हा क्रमांक आहे, मग ती भिंत विटांची असो वा काँक्रीटची. उत्तर अमेरिकेतले ‘मास्टरफॉरमॅट’ दुसऱ्या वाटेने जाते. काँक्रीट ०३ मध्ये, वीट-दगडाचे बांधकाम ०४ मध्ये, प्लास्टर-रंग ०९ मध्ये. तिथले १६ विभाग २००४ साली वाढून ५० झाले. आपले आयएस १२०० याच दुसऱ्या घराण्यातले. त्याचा भाग १ मातीकामाचा, भाग २ काँक्रीटचा, भाग ३ वीटकामाचा, भाग १२ प्लास्टर आणि पॉइंटिंगचा. पहिली पद्धत विचारते, हा इमारतीचा कोणता अवयव? दुसरी विचारते, हे काम कशाचे, करणार कोण? बिल काढायला दुसरी सोयीची. पण दहा वर्षांनी पश्चिमेची भिंत झिरपू लागते तेव्हा भिंतीचा इतिहास हवा असतो, आणि तो विटा, प्लास्टर, रंग, वॉटरप्रूफिंग अशा चार ठिकाणी विखुरलेला सापडतो. दरसूची तोंडपाठ असलेल्या आपल्या अभियंत्यांना अवयवांनुसार लावलेली मांडणी फारशी भेटतच नाही. अभ्यासक्रमातली ही उणीव मला गंभीर वाटते.

माहितीतली ढिलाई माणसांच्या जिवावर बेतते, हे सांगायला एकच उदाहरण पुरे. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात टांगते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यांवरचे पूल छतापासून खाली येणाऱ्या अखंड दांड्यांवर टांगलेले होते. पोलादकाम करणाऱ्यांच्या शॉप ड्रॉइंगमध्ये अखंड दांडीऐवजी दोन दांड्या आल्या. वरची छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, खालची तिथून दुसऱ्या मजल्यापर्यंत. कागदावर फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटवर खालच्या पुलाचेही वजन आले, म्हणजे भार दुप्पट झाला. त्या ड्रॉइंगवर अभियंत्यांचा शिक्का बसला, बदललेल्या जोडणीचे गणित मात्र कोणी मांडले नाही. मूळ जोडणीही शहराच्या बांधकाम नियमांना कमी पडत होती, हे नंतरच्या तपासात दिसले. पण बदल ज्या क्षणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, त्या क्षणी ‘हे तपासले कोणी?’ असे विचारणारी जागा त्या व्यवस्थेत असती, तर दोन्ही चुका उघड होण्याची संधी होती.

अशा जागा मुद्दाम निर्माण करणे, हे आयएसओ १९६५० या २०१८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे मोठे काम. त्यात प्रत्येक दस्तऐवज चारपैकी एका अवस्थेत असतो. कोणाच्या तरी टेबलावर घडत असलेला, सहकाऱ्यांना पाहायला दिलेला, मंजूर होऊन वापरायला खुला झालेला किंवा जतन करून ठेवलेला. एका अवस्थेतून दुसरीत जाताना कोणीतरी नाव देऊन तपासणी करतो. त्रिमित प्रतिमाने, त्यांना जोडलेले वेळापत्रक आणि खर्च, नागपूर मेट्रोने वापरलेली ‘फाइव्ह-डी बिम’ प्रणाली, हे सगळे याच पायावर उभे राहते. आपल्या बहुतेक साइटवर मात्र खरी देवाणघेवाण व्हॉट्सॲपवर चालते. ड्रॉइंगचा फोटो निघतो, हवा तेवढा भाग कापून पुढे जातो, आणि कापताना नेमका उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक सुटतो, म्हणजे रिव्हिजन क्रमांक आणि तारीखच जाते. जुन्या प्रिंटवर ‘सुपरसीडेड’ शिक्का मारून ती परत घेण्याची रीत फोटोला लागू करता येत नाही. या एका सवयीवर कोणी नीट संशोधन केले, तर ते जाडजूड नियमपुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

ताबा दिल्यानंतरचा काळ सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित. १४ जून २०१७ रोजी लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ज्युडिथ हॅकिट यांच्या अहवालाने मागणी केली की इमारतीच्या आराखड्यापासून वापरापर्यंत माहितीचा एक अखंड धागा असावा. आपल्याकडे रेरा कायद्याने रचनेतल्या आणि कामाच्या दर्जातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली आहे, तसेच आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे देण्याचीही. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. तेव्हा सोसायटीच्या कपाटात स्ट्रक्चरल ड्रॉइंग नसेल, तर ऑडिटरला काँक्रीटमध्ये सळया कुठे आहेत ते यंत्र फिरवून शोधावे लागते. कधीकाळी कोणीतरी ठाऊक करून घेतलेली, सही करून दिलेली गोष्ट पुन्हा पैसे मोजून शोधायची, यात मला मोठा अन्याय दिसतो. आणि तो सोसतो तो रहिवासी.

या अभ्यासाला स्थापत्य अभियंत्यांइतकीच ग्रंथपालांची, वकिलांची, हिशेबनिसांची आणि भाषेच्या अभ्यासकांची गरज आहे. ड्रॉइंगवरच्या टिपा इंग्रजीत, मिस्त्रीच्या सूचना मराठीत किंवा हिंदीत, आणि फिटरची टोळी आपापसात तिसऱ्याच भाषेत बोलणारी, हे आपल्या साइटचे रोजचे वास्तव आहे. कव्हर किती, रिंगांचे अंतर किती, लॅप कुठे द्यायचा, हे त्या टोळीपर्यंत न चुकता कसे पोहोचवायचे, यावर मराठीत लिहिणारे हात हवे आहेत. उलट दिशेचा रस्ता तर अजून आखलेलाही नाही. बीम आणि कॉलमच्या सांध्यात सळयांची इतकी दाटी झाली आहे की काँक्रीट खाली उतरणार नाही, हे फिटरला सगळ्यांच्या आधी दिसते, पण ते लिहायला कोणत्याही नोंदवहीत त्याच्यासाठी रकाना नसतो.