इंदूरच्या गोठ्यातले पाणी

तलाव, विहिरी, बारवा यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. गोठ्यातल्या पाण्यावर मात्र कोणी लिहीत नाही. इंदूरच्या जुन्या गोष्टी धुंडाळताना मला हाच विषय पुनःपुन्हा आडवा आला.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते. जनावरे बाळगणाऱ्याला दोन्हींकडून जाच. चार महिने गोठ्याभोवती पाणी तुंबते आणि पुढे हौद भरायला विहिरीवर मोट जुंपावी लागे. मोट ओढणारा बैल, आणि त्या हौदावर तहानेला येणाराही बैलच!

१९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था उभी केली. तिथल्या गोठ्याची जमीन मुद्दाम मातीची ठेवली होती. ती गोमूत्र शोषून घेई. तीन-चार महिन्यांनी सहा इंच थर खणून काढायचा आणि नवी माती पसरायची. ही माती, शेण व राख पाण्यात कालवून तो काला पालापाचोळ्याच्या थरांवर शिंपीत. पाणीही बेतानेच : थोडे संध्याकाळी, थोडे दुसऱ्या दिवशी सकाळी. ओल कमी पडली तर कुजणे थांबते. जास्त झाली तर हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत, म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीवरच रचत. तीन महिन्यांत खत तयार होई. आपल्या उकिरड्याला हे शिस्तीचे शिक्षण कोणी दिले नव्हते.

१९३१ साली या पद्धतीवर इंग्रजी पुस्तक निघाले. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. १९३५ साली गांधीजी ही संस्था पाहून गेले. पुस्तकावर मात्र नावे दोन आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. दुसऱ्या नावापाशी कोणता मराठी वाचक थबकणार नाही? साहेबाचे नाव राहिले, वाडांचे कोणाच्या ओठी नाही, याची मला खंत वाटते.

हेच गोमूत्र मातीत मुरले तर खत होते. ओहोळाने तळ्यात उतरले तर जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू सरतो, मासे मरतात. गावाच्या सांडपाण्याचेही तेच. होळकरांच्या काळात बांधलेल्या सिरपूर तलावाने हे भोगले आहे. १९७८ साली नर्मदेचे पाणी नळाला आले आणि तलावांची निकड ओसरली. निकड ओसरली की राखणही ओसरते. २०२२ साली सिरपूर आणि १९३९ चा यशवंत सागर, दोन्ही रामसर यादीत गेले. आता तिथे पाहुण्या पक्ष्यांची मोजदाद होते. काठच्या गोठ्यांतले पाणी कुठे जाते, ते पाहायचे तर चिखल तुडवीत जावे लागते; मी गेलो, तेव्हा उतार तळ्याकडेच होता.