यंत्र-संगणक जोडणी

कापणे, कोरणे, थरावर थर चढवणे अशी कामे करणारी यंत्रे आणि त्यांना हुकूम देणारी, त्यांची खबर घेणारी संगणकप्रणाली यांच्यातील दुवा. सीएनसी, लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर ही अशी यंत्रे. स्मार्ट उत्पादनाच्या संशोधनात हुकुमापेक्षा खबरीला महत्त्व अधिक.

अंकीय नियंत्रणाचे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटीने 1952 मध्ये दाखवले. ते छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून हुकूम वाचत असे. पुढे आरएस-232 केबल आली. जॉब मोठा आणि यंत्राची मेमरी तोकडी असली, की संगणकावरून प्रोग्राम थोडाथोडा सोडत बसावे लागे.

तार जोडणे सोपे. अडते ते भाषेपाशी. बिंदू एकच घेऊ : उजवीकडे 20 मिमी, पुढे 10 मिमी. जी-कोड ही भाषा समजणाऱ्या यंत्राला ‘जी1 एक्स20 वाय10 एफ150’ असे सांगायचे. शेवटचा आकडा मिनिटाला 150 मिमी हा वेग. फॅब लॅबमध्ये (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या सामाईक कार्यशाळेत) सर्रास दिसणाऱ्या रोलँड कंपनीच्या मोडेला एमडीएक्स-20 ला मात्र 800 आणि 400 हे आकडे द्यावे लागतात, कारण या यंत्राचे एकक 0.025 मिमीचे. एमआयटीच्या सेंटर फॉर बिट्स अँड अ‍ॅटम्सने केलेली ‘मॉड्स’ ही ब्राउझरमध्ये चालणारी प्रणाली हे दुभाष्याचेच काम करते. कारखान्यांसाठी एमटीकनेक्ट आणि ओपीसी यूए ही सामाईक मानके आहेत. नव्या यंत्रांना ती मानवतात, जुन्यांना ती ठाऊकच नाहीत.

या विषयात महाराष्ट्राचे नाव लागते ते पुणे जिल्ह्यातील पाबळमुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हे त्याचे सूत्र. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने 2002 मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली; एमआयटीबाहेरची ती पहिली मानली जाते. परदेशी प्रयोगशाळेची खेड्यातली शाखा, असे तिचे वर्णन अनेकदा होते, ते उलटे आहे. वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची कामे मुलांच्या हातात तिथे आधीच होती. संगणक नंतर आला.

मुंबईच्या उपनगरांत प्रश्न वेगळा. बोरीवलीतील किंवा कांदिवलीच्या चारकोप औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात साधी लेथ असेल, तर तिला संगणकासाठी पोर्टच नसते. तेव्हा मोटरच्या एका फेजच्या वायरभोवती करंट सेन्सरचा चिमटा बसवतात आणि ईएसपी32 सारख्या बोर्डावरून आकडे वाय-फायने पाठवतात. मोटर बंद, नुसती फिरते आहे की हत्यार लागले आहे, हे विजेच्या प्रवाहावरून बऱ्यापैकी कळते. जॉब बरोबर निघाला का, हे कळत नाही. त्यासाठी मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस लागतोच. तरीही लेथ न उघडता, ऑपरेटरच्या सवयी न मोडता होणारी ही जोडणी संशोधनाची सुरुवात म्हणून सर्वांत शहाणपणाची.

हुकूम देणारी तार जोडताना एक पथ्य पाळावे : आपत्कालीन थांब्याचे लाल बटण संगणकाच्या किंवा वाय-फायच्या भरवशावर ठेवू नये. त्याची वायर थेट सुरक्षा सर्किटला जाते.