तीन घरं, तीन खासदार : सीमाभागातल्या आमदारांची दिल्लीची वाट

आम्ही निपाणीचे. आत्या खानापुरात दिलेली, आणि मामाचं घर बेळगावच्या शहापुरात. तिन्ही घरं जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात. एका घरी बारसं असलं की बाकीच्या दोन घरची माणसं सकाळी निघून जेवायला हजर. बोली एक, देव एक, १७ जानेवारीला हात जोडायचे ते हुतात्मेही एकच. पण खासदार तीन वेगळे! निपाणी चिकोडी मतदारसंघात, शहापूर बेळगावात, आणि खानापूर थेट उत्तर कन्नड मतदारसंघात, म्हणजे कारवार-भटकळच्या समुद्राबरोबर.

लहानपणी हे कधी डोक्यात आलं नाही. आमच्या घरात "आमदार" हा शब्द रोजचा होता, "खासदार" मात्र क्वचित. बळवंतराव सायनाक, राजाभाऊ माने, खानापूरचे नीलकंठराव सरदेसाई, पुढे उचगावचे मनोहर किणेकर, ही नावं घरच्या माणसांसारखी घेतली जायची. ती माणसं समितीची, आपली. बेंगळुरात जाऊन मराठीत बोलायची, भांडायची. पण यातलं कुणी दिल्लीला का नाही गेलं, असं मी एकदा आप्पांना, म्हणजे आजोबांना, विचारलं. ते तंबाखूची पेंडी बांधत होते. वर न बघताच म्हणाले, "अरे, आमदार हुयाला गाव लागतंय. खासदार हुयाला आठ गावं लागत्यात. आपली किती, मोज की."

आप्पांचा हिशेब बरोबर होता, हे पुढं कळलं. एका लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा मतदारसंघ. बेळगाव लोकसभेत आज बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण आणि बेळगाव ग्रामीण या तीन ठिकाणी मराठी मताला वजन आहे. उरलेले पाच म्हणजे गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग. तिथं समितीचं नाव घेऊन कोण मत देणार? चिकोडीत निपाणी आणि नदीकाठची काही गावं. उत्तर कन्नडमध्ये खानापूर आणि हल्याळ-कारवारकडचा काही भाग. तीन टोपल्यांत वाटलेलं धान्य, एकाही टोपलीचा तळ झाकत नाही.

हे पहिल्यापासूनचं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. त्यानंतर विधानसभेला समितीचे आमदार निवडून जात राहिले, पण १९५७ आणि १९६२ ला बेळगावातून लोकसभेत गेले ते काँग्रेसचे बळवंत नागेश दातार. ते केंद्रात गृहखात्याचे राज्यमंत्री होते.

आमच्या निपाणीकडची गोष्ट आणखी वेगळी. चिकोडी लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव. १९६७ पासून बी. शंकरानंद लागोपाठ सात वेळा निवडून आले आणि केंद्रात आरोग्यमंत्रीही झाले. १९९६ ला जनता दलाच्या रत्नमाला सवणूर आल्या. मग १९९८ पासून विजापूरकडचे रमेश जिगजिणगी तीन वेळा. त्यामुळं आमच्या भागातल्या बहुतेक आमदारांपुढं दिल्लीचा प्रश्नच यायचा नाही. २००८ च्या पुनर्रचनेनंतर चिकोडी खुला झाला आणि पहिल्यांदाच आमच्याकडच्या आमदारांना खासदारकीची वाट मोकळी झाली.

त्या वाटेनं निघालेले पहिले मोठे गडी प्रकाश हुक्केरी. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, काँग्रेसचे. सदलग्यातून आमदार, मग चिकोडी-सदलग्यातून आमदार. दूधगंगेच्या काठावरचं राजकारण केलेला माणूस, मराठी घरांत मराठीत बोलणारा. आमदार असतानाच २००९ ला लोकसभेला उभे राहिले आणि भाजपच्या रमेश कत्तींकडून पडले. २०१४ ला ते राज्यात साखर खात्याचे मंत्री होते. मंत्रिपदाची खुर्ची सोडून पुन्हा त्याच कत्तींसमोर उभे राहिले आणि निवडून आले, तेही फक्त ३,००३ मतांनी. लाखोंच्या मतदारसंघात तीन हजार म्हणजे आमच्या निपाणीतल्या दोन-तीन गल्ल्या. त्या निकालाच्या दिवशी चौकात जो तो म्हणत होता, "माझ्या गल्लीनं आणलं."

पण पुढचं बघा. त्यांची रिकामी झालेली आमदारकी पोटनिवडणुकीत मुलाकडे, गणेश हुक्केरींकडे गेली. २०१८ ला गणेश यांनी अण्णासाहेब जोल्लेंना पाडलं. जोल्लेही एकसंब्याचेच. त्यांच्या पत्नी शशिकला जोल्ले २०१३ पासून आमच्या निपाणीच्या आमदार. २०१९ ला त्याच अण्णासाहेबांनी लोकसभेला प्रकाश हुक्केरींना १ लाख १८ हजारांवर मतांनी हरवलं. एका गावातली दोन घरं, आणि चिकोडीची खासदारकी त्यांच्यात फिरली. हुक्केरी २०२२ ला शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. म्हणजे राज्यातनं दिल्ली आणि दिल्लीतनं परत राज्यात. आमदाराला दिल्ली मिळाली तरी ती पाच वर्षांच्या भाड्याची, मूळ घर इथंच.

आता शहापूरकडे येऊ. तिथं १९९६ ची आठवण काढल्याशिवाय गप्पा पुऱ्या होत नाहीत. निवडून येणं शक्य नाही, तर निदान दिल्लीला दाखवून तरी देऊ, म्हणून समितीनं त्या लोकसभेला माणसंच माणसं उभी केली. बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार! त्यातले एक आमचे मामा. अनामत तेव्हा ५०० रुपये होती, ती गल्लीतल्या मंडळानं वर्गणी काढून भरली. मामी वैतागून म्हणायची, "घरात गॅसला पैसे न्हाईत आणि हे चालले खासदार हुयाला." मतपत्रिकेचं चोपडं झालं होतं. मामांना स्वतःचं नाव शोधायलाच वेळ लागला, असं ते अजून सांगतात. निवडून आले जनता दलाचे शिवानंद कौजलगी. मामांची अनामत जप्त झाली, त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं.

तेलंगणातल्या, म्हणजे तेव्हाच्या आंध्रातल्या, नलगोंड्यातही त्याच निवडणुकीत ४८० उमेदवार होते. तिथला प्रश्न पाण्याचा. अशा निवडणुकांनंतर त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० वरून थेट १०,००० झाली, आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले. आज ती २५,००० आहे. मामा म्हणतात, "दिल्लीनं आमचं ऐकलं की! प्रश्न सोडवला न्हाई, फी वाढवली." हसून म्हणतात, पण ते हसू आतनं आलेलं नसतं.

२०१९ ला पुन्हा तेच करून बघितलं. बेळगावात ५७ उमेदवार. सुरेश अंगडी ३ लाख ९१ हजारांवर मतांनी निवडून आले आणि रेल्वे राज्यमंत्री झाले. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानं त्यांचं निधन झालं. एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक लागली. भाजपकडून त्यांच्या पत्नी मंगला अंगडी. काँग्रेसकडून सतीश जारकीहोळी, यमकनमर्डीचे आमदार, म्हणजे पुन्हा एक आमदार दिल्लीच्या वाटेवर. आणि या वेळी समितीनं एकच उमेदवार दिला, शुभम शेळके, तरुण पोरगा. महाराष्ट्रातनं संजय राऊत त्याच्यासाठी आले, देवेंद्र फडणवीस भाजपसाठी आले. मराठी माणसाला मराठी माणूसच दोन्ही बाजूंनी समजावायला आला, असं ते चित्र.

निकाल २ मेला लागला. मंगला अंगडी ५,२४० मतांनी निवडून आल्या. शेळकेंना मिळाली १ लाख १७ हजारांवर मतं. दोन वर्षांपूर्वी जवळपास चार लाखांचा फरक, आणि आता पाच हजारांचा! आपली मतं एका जागी पडली तर काय होतं, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. पण मिळालं काय? खासदार आपला नाही, पडलेलाही आपला नाही. मामांच्या घरात त्या रात्री दोन भावांत वाद झाला. धाकटा म्हणाला, "ताकद दाखवली." थोरला म्हणाला, "दाखवली, पण वापरली कुठं?" मला वाटतं, दोघंही खरं बोलत होते.

जारकीहोळी आमदारच राहिले. २०२४ ला त्यांची मुलगी प्रियांका चिकोडीतून उभी राहिली आणि अण्णासाहेब जोल्लेंना ९० हजारांवर मतांनी हरवून खासदार झाली. बापानं एका मतदारसंघात सोडलेला डाव मुलीनं शेजारच्या मतदारसंघात पुरा केला.

राहिलं आत्याचं खानापूर. तिथं डॉ. अंजली निंबाळकर. मराठी बोलणाऱ्या, पेशानं डॉक्टर. २०१३ ला अपक्ष उभ्या राहून पडल्या. तेव्हा समितीचे अरविंद पाटील आले होते, आणि त्याच वर्षी बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील. त्यानंतर समितीला आमदारकी मिळालेलीच नाही. २०१८ ला खानापुरात समितीचेच दोन उमेदवार उभे राहिले, मतं फुटली आणि अंजलीताई काँग्रेसकडून निवडून आल्या. २०२३ ला भाजपच्या विठ्ठल हलगेकरांनी त्यांना हरवलं. आणि वर्षभरात, २०२४ ला, त्या उत्तर कन्नडमधून लोकसभेला उभ्या राहिल्या.

आत्या सांगते, खानापुरात बायकांना कोण आनंद झाला होता. आपल्यातली बाई दिल्लीला जाणार! पण आप्पांचा हिशेब इथंही तोच. आठातलं एक खानापूर. बाकी शिरसी, कुमठा, भटकळ, कारवार. घाट उतरून गेलं की भाषा वेगळी, प्रश्न वेगळे, समोर विधानसभेचे माजी अध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी. निंबाळकर ३ लाख ३७ हजारांवर मतांनी पडल्या. खानापूरची ओळख त्यांना विधानसभेला पुरली, समुद्रापर्यंत पुरली नाही.

कुणी म्हणेल, खासदार कोण याचं एवढं काय? रस्ता झाला, पाणी आलं की झालं. तसं नाही. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३ नं संसदेला दिलाय, विधानसभेला नाही. महाजन आयोगानं १९६७ ला निपाणी-खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर कर्नाटकाला सांगितलं. ते महाराष्ट्रानं नाकारलं, आणि पुढचं सगळं दिल्लीच्या दारात पडून राहिलं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तेही दिल्लीतच. म्हणजे आपला प्रश्न ज्या गावात सुटायचा, त्या गावात आपण निवडून पाठवलेलं आपलं माणूस कधी बसलंच नाही. सीमेचं सोडा, निपाणीला आजही रेल्वे नाही. गाडी धरायला कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागतं.

बसलं होतं एक माणूस, पण ते आपल्या मतांवर नव्हे. बॅरिस्टर नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, शिक्षण बेळगावचं, आणि खासदार कोकणातल्या राजापूरचे, १९५७ पासून शेवटपर्यंत. बेळगावचं दुःख लोकसभेत राजापूरच्या खासदारानं मांडलं. १७ जानेवारी १९७१ ला हुतात्मा दिनाला ते बेळगावात बोलले आणि दुसऱ्या दिवशी बेळगावातच गेले. वय अवघं ४८. मामा तेव्हा शाळकरी पोर होते. ते म्हणतात, त्या दिवशी शहापुरात कुणाच्या घरी चूल पेटली नाही.

हे सगळं लिहिलं ते कुणाला मत द्या सांगायला नाही. आपल्या तीन घरांतली माणसं तीन वेगवेगळ्या पक्षांना मत देतात आणि एकाच पंगतीत जेवतात, ते तसंच राहू दे. पण पुढच्या पिढीला एवढा हिशेब माहीत असावा, की आपण फार वेळा हरलो ते नुसतं भांडणामुळं किंवा फितुरीमुळं नाही, पहिल्या मोजणीतच आठात तीन किंवा आठात एक होतो म्हणून. आणि म्हणूनच आपल्या मतांवर तीन हजारांनी, पाच हजारांनी निवडून येणाऱ्या खासदाराकडे, तो कुठल्याही भाषेचा आणि पक्षाचा असो, रेल्वेचं आणि सीमेचं काम हक्कानं मागायला हवं. १ लाख १७ हजार मतं म्हणजे भीक मागायची वेळ आलेल्यांची मतं नव्हेत.

मामांची अनामत भरल्याची १९९६ ची पावती अजून त्यांच्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या फोटोखाली. तुमच्याही घरात त्या ४५६ पैकी कुणी असेल तर त्यांना बोलतं करा, आणि जमलं तर लिहून ठेवा. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.