बोरघाट रिव्हर्सिंग स्टेशन
पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्याच्या पश्चिम टोकाला, खंडाळ्याखालच्या घाटातील जुने रेल्वे ठाणे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा खंडाळा-पुणे मार्ग १४ जून १८५८ रोजीच सुरू झाला होता. मुंबईकडून येणारा मार्ग आणि खंडाळा यांच्या मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा गाडीने पार करावा लागे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने आखलेला घाटमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. चढ ठिकठिकाणी ३७ फुटांना १ फूट, बोगदे २५. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेताच वारला. पुढे त्याची पत्नी ॲलिस हिच्या नावावर ठेका चालून काम तडीस गेले. घाटाच्या इतिहासात तिला मिळते त्याहून अधिक जागा तिची आहे.

डोंगराच्या अरुंद सोंडेवर गाडीला वळायला जागा नव्हती. म्हणून गाडी ठाण्यात शिरे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि शेपटाचा डबा पुढे होऊन गाडी दुसऱ्या, चढत्या रुळावरून खंडाळ्याकडे निघे. यात वेळ जाई, शिवाय गाडीची लांबीही ठाण्याच्या मापात ठेवावी लागे. १९२९ च्या सुमारास विद्युतीकरणाबरोबर नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला गेला आणि ठाणे बंद पडले.

सोडलेल्या मार्गाचा काही भाग पुढे मुंबई-पुणे रस्त्याच्या कामी आला. उरलेले दगडी बांधकाम पावसाळी गवतात अर्धे बुडालेले असते. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते रेल्वेचे म्हणून ओळखू येते.