प्राचीन ईजिप्तचा धर्म आणि त्याचे आधुनिक उपासक

ईजिप्तच्या दक्षिण सीमेवरील फिली बेटावर, इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात, २४ ऑगस्ट ३९४ या दिवशी एका पुरोहिताने मांदुलिस देवाच्या आकृतीशेजारी काही ओळी कोरल्या. चित्रलिपीतील ज्ञात लेखांपैकी हा अखेरचा होय. दिमोतिक लिपीचा शेवटचा ज्ञात लेखही याच बेटावरील असून तो इ. स. ४५२ मधील आहे. पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने तेथील पूजाअर्चा बंद पाडण्यात आली. शांपोल्याँने १८२२ मध्ये लिपीचा उलगडा करीपर्यंत या धर्माचे ग्रंथ वाचण्याची विद्याच लोपली होती.

असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देवतांना पुन्हा उपासक लाभले. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये ‘चर्च ऑफ द इटर्नल सोर्स’ ही संस्था स्थापन झाली. १९७३ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘ऑसार ऑसेट सोसायटी’ उदयास आली; आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांना हिरावलेला पूर्ववारसा परत मिळवून देणे ही तिची प्रेरणा होती. १९८८ मध्ये तमारा सिउडा यांनी ‘केमेटिक ऑर्थोडॉक्सी’ हा पंथ स्थापिला. त्यांनी पुढे ईजिप्तविद्येचे विधिवत् शिक्षणही घेतले. ‘केमेत’ म्हणजे काळी भूमी. ईजिप्शियन लोक आपल्या देशास याच नावाने ओळखत.

या उपासनेचा आधार कोणता? अबायडॉस येथील पहिल्या सेतीच्या मंदिरातील शिल्पपट आणि कर्नाकच्या आमोनपूजेची बर्लिन येथील पोथी यांवरून नित्यपूजेचा क्रम बराचसा कळतो. गाभाऱ्याची मुद्रा तोडणे, मूर्तीपुढे दंडवत घालणे, धूप, अभ्यंग, वस्त्र आणि नैवेद्य असे तिचे स्वरूप होते. परंतु तत्त्वतः या पूजेचा अधिकारी एकटा राजा, व पुरोहित हा केवळ त्याचा प्रतिनिधी. सामान्य जनांस गाभाऱ्यात प्रवेश नव्हता. विश्वाची व्यवस्था, अर्थात् ‘मात’, टिकवून धरणे हे त्या पूजेचे प्रयोजन होते. आधुनिक उपासक हाच विधी संक्षेपाने आपल्या घरी करतो. राज्याचे कर्तव्य व्यक्तीच्या निवडीचा विषय बनले, हा बदल केवळ बाह्य नव्हे. देर-अल-मदीना येथील कारागिरांच्या घरांत आढळलेले देवकोनाडे व पूर्वजांचे अर्धपुतळे या गृहोपासनेस अधिक जवळचे आहेत. तथापि तेथील विधींची लेखी नोंद फारच तुटपुंजी आहे.

खरी अडचण भाषेची आहे. ईजिप्शियन लेखनात केवळ व्यंजने नोंदली जात; स्वर दाखविण्याची रीत नव्हती. विद्वान वाचनाच्या सोयीसाठी मध्ये ‘ए’ घालतात. देववाचक शब्दाचे ‘नेत्जेर’ हे प्रचलित रूप अशा संकेतातून आले आहे. ज्या धर्मात उच्चारित शब्दाच्या ठायी ‘हेका’ ही शक्ती मानली जाई, त्याची प्रार्थना आज अभ्यासकांच्या सोयीच्या उच्चारात म्हटली जाते. उलटपक्षी, हाच शब्द कॉप्टिक भाषेत ‘नूते’ अथवा ‘नूती’ या रूपाने जिवंत राहिला आणि कॉप्टिक चर्चच्या उपासनेत ख्रिस्ती ईश्वरासाठी आजही उच्चारला जातो. ज्यांनी जुना धर्म त्यागिला त्यांच्या मुखी शब्दाची परंपरा अखंड राहिली. ज्यांनी तो धर्म पुनश्च स्वीकारला त्यांना शब्द ग्रंथांतून घ्यावा लागला.

एवढ्यावरून या उपासनेस कृत्रिम म्हणून बाजूस सारणे उचित ठरणार नाही. जुन्याचा जीर्णोद्धार ही ईजिप्तचीच एक रीत होती. पंचविसाव्या राजवंशातील शबाका राजाच्या शिलेवर, कसरीने खाल्लेली पूर्वजांची पोथी आपण नव्याने कोरविली असे म्हटले आहे. अनेक संशोधकांच्या मते तो मजकूर त्याच काळी रचलेला आहे. बोलभाषेतून गेलेली मध्य ईजिप्शियनही देवालयांत शतकानुशतके धर्मभाषा म्हणून वापरली गेली. भेद इतकाच की, शबाकाच्या काळी मंदिरे नांदती होती आणि शिष्यास शिकविणारा गुरू हयात होता.

म्हणून या घटनेस सातत्य न म्हणता पुनरारंभ म्हणणे सयुक्तिक होय. या पुनरारंभात गुरूचे स्थान व्याकरणाने व कोशाने घेतले आहे. एखाद्या धातूचा अर्थ संशोधनाने बदलला की दूरच्या कोणा घरातील प्रार्थनाही बदलते. मृत मानलेल्या भाषेच्या अभ्यासकावर त्यामुळे असे दायित्व येऊन पडले आहे, ज्याची शांपोल्याँला कल्पनाही नसावी.